नववीचं जर्मन: गुण भरपूर, पण बोलायला गेलं की वाक्य जुळत नाही

कर्वेनगरची_आई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहून टाकते.

लेक नववीत आहे, इंग्रजी माध्यमात. घरी मराठीच बोलतो. पाचवीपासून शाळेत तिसरी भाषा म्हणून जर्मन आहे. गुण कधी नव्वदच्या खाली आले नाहीत. गेल्या वर्षी ए२ ची (जर्मनची दुसरी पातळी) परीक्षाही झाली आणि आता बी१ (तिच्या पुढची, मधली पातळी) द्यायची असं शाळेतून सांगितलंय. सगळं सुरळीत चाललंय असंच मी समजत होते.

गणपतीत ह्यांच्या ऑफिसातले एक जर्मन पाहुणे घरी जेवायला आले. लेक आठवडाभर आनंदात होती. नाव, वय, शाळा, आवडीनिवडी हे सगळं तिने खणखणीत सांगितलं. पाहुण्यांनाही कौतुक वाटलं. मग त्यांनी गणपतीकडे बघून साधाच प्रश्न विचारला: 'वारूम?' एवढी सुंदर मूर्ती तुम्ही पाण्यात का सोडता? लेक गप्प झाली. तिला पाणी हा शब्द येत होता, घर येत होता, जाणं येत होतं, 'कारण' साठी 'वाइल' म्हणतात हेही येत होतं. पण हे चार मणी एका दोऱ्यात ओवता येईनात. शेवटी इंग्रजीत उत्तर दिलं. रात्री उशीत तोंड खुपसून रडली. 'आई, चार वर्षं मी काय शिकले गं?' म्हणाली.

शाळेत प्रश्नोत्तरं फळ्यावर येतात, मुलं उतरवून घेतात, तीच परीक्षेत येतात. बाई चांगल्या आहेत, पण वर्गात पोरं पंचेचाळीस. मला जर्मनचं अक्षरही कळत नाही. शिकवणी लावू? दहावीला विषय बदलून घेऊ? की ही अवस्था सगळ्यांचीच होते?

---

पानशेत

आमच्या मुलाचं अगदी हेच चाललंय, फक्त तो आठवीत आहे. धागा वाचत राहीन.

---

खडूफळा

ताई, मी सव्वीस वर्षं शाळेत जर्मन शिकवतेय. तुमच्या लेकीसारखं रडणारी मुलं दरवर्षी बघते, आणि ती बहुतेक हुशार मुलं असतात. तिला सांगा, चार वर्षं फुकट गेलेली नाहीत.

आधी अडतं कुठे ते सांगते. पहिल्या पातळीवर भाषा तयार तुकड्यांत येते. माझं नाव अमुक, मी पुण्यात राहते, मला वाचायला आवडतं. असा तुकडा उचलला आणि ठेवला की काम होतं. ए२ संपून बी१ सुरू होतं तिथे तुकडे संपतात. आता 'कारण', 'जरी', 'जेव्हा', 'म्हणून', 'असं झालं असतं तर' यांनी वाक्याला वाक्य जोडायचं असतं. परीक्षेची अधिकृत शब्दसूची ए२ ला साधारण १३०० नोंदींची आहे, बी१ ला २४००. शब्द वाढतात म्हणून पालक घाबरतात. पण मुलं शब्दांवर अडत नाहीत, वाक्याच्या बांधणीवर अडतात.

आणि ही बांधणी आपण मुलांना इंग्रजीतून समजावतो. माझ्या मते खरी चूक ही आहे. मीही पहिली दहा-बारा वर्षं तेच केलं, कारण पुस्तकातल्या सूचना इंग्रजीत, माध्यम इंग्रजी. इंग्रजीतून बघितलं तर जर्मन वाक्य उलटंपालटं दिसतं. मराठीतून बघा.

तुमच्या पाहुण्यांच्या प्रश्नाचं उत्तर घ्या. 'कारण तो घरी जातो.' जर्मनमध्ये: 'वाइल एअर नाख हाउझे गेट.' वाइल म्हणजे कारण, एअर म्हणजे तो, नाख हाउझे म्हणजे घरी, गेट म्हणजे जातो. एकही शब्द जागचा हलवावा लागत नाही. तिने मनात मराठी वाक्य धरलं असतं आणि शब्दावर शब्द ठेवत गेली असती, तरी उत्तर बरोबर आलं असतं. ती इंग्रजीतून गेली, तिथे 'जातो' मध्येच येतो, म्हणून गोंधळली.

'वाइल' (कारण), 'दास' (असं की), 'वेन' (जर, जेव्हा), 'ओब' (की नाही) यांनी सुरू होणाऱ्या प्रत्येक गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं. आपल्याकडे ते शेवटीच असतं. 'जर्मन शिकण्यासाठी' म्हणजे 'उम डॉइच त्सू लेर्नेन', क्रम तोच. 'मी उद्या गाडीने मुंबईला जाणार' यात आपण आधी वेळ, मग साधन, मग ठिकाण सांगतो. जर्मनही तसंच सांगतात: मॉर्गेन, मिट डेम त्सूग, नाख मुंबई. 'मला वेळ असता तर मी आले असते' हे जर-तरचं वाक्य तर नववीतल्या मुलांना राक्षस वाटतं. 'वेन इश त्साइट हेटे, व्युर्डे इश कॉमेन.' इथे 'हेटे' म्हणजे सरळ आपलं 'असता'. घडलं नाही ते सांगायला मराठीत वेगळं रूप आहे आणि मूल ते तिसऱ्या वर्षापासून वापरतंय. त्याला फक्त दाखवून द्यायचं की बाळा, हे तुला येतं.

मुख्य वाक्यात मात्र जपायचं. तिथे क्रियापद दुसऱ्या जागी हवं. मी वर्गात पंगतीचं उदाहरण देते: क्रियापदाला पंगतीत दोनच पाट, दुसरा आणि शेवटचा. साधं वाक्य असेल तर दुसऱ्या पाटावर बसतं. गौण वाक्य असेल तर शेवटच्या. आणि 'मी काल पुस्तक वाचलं आहे' अशा वाक्यात दोघं येतात, एक दुसऱ्या पाटावर, एक शेवटच्या: 'इश हाबे गेस्टर्न आइन बूख गेलेझेन.' मधले सगळे पाहुणे या दोघांच्या आत. हे एकदा डोळ्यांसमोर बसलं की निम्मी लाल शाई कमी होते.

विषय बदलू नका. एवढं जरूर सांगेन.

---

सरळरेषा

खडूफळा मॅडम, आदर राखून थोडा विरोध करतो. मी चाकणला तांत्रिक कागदपत्रांचं जर्मन-इंग्रजी भाषांतर करत आलोय, त्यामुळे विभक्तीच्या चुका रोज बघतो. वाक्याच्या क्रमाबद्दल तुमचं म्हणणं पटलं. पण मराठी सगळीकडे मदतीला येते असं मुलांच्या मनात बसू नये.

पहिलं, लिंग. आपल्याकडे सूर्यही पुल्लिंगी, चंद्रही पुल्लिंगी. तिकडे सूर्य 'दी झॉने', म्हणजे स्त्रीलिंगी, आणि चंद्र 'देअर मोंट', म्हणजे पुल्लिंगी. मराठीवरून अंदाज बांधणारं मूल दर दुसऱ्या शब्दाला आपटेल.

दुसरं आणि जास्त गंभीर, आपला 'ला'. मराठी व्याकरणाच्या पुस्तकात द्वितीयेचे प्रत्यय स, ला, ते आणि चतुर्थीचेही स, ला, ते. जर्मनमध्ये द्वितीया वेगळी, चतुर्थी वेगळी, आणि बी१ चा अर्धा जीव त्या फरकात आहे. 'मी आईला बघते' आणि 'मी आईला मदत करते' मराठीत सारखंच. जर्मनमध्ये पहिली आई 'दी मुटर', दुसरी 'देअर मुटर'. इथे मराठी फसवते.

तिसरं, जागा दाखवणारी ती नऊ अव्ययं: आन, आउफ, हिंटर, इन, नेबेन, उबर, उंटर, फोर, त्स्विशेन. वस्तू तिथे आहे की तिथे नेली जातेय यावर विभक्ती बदलते. आपण 'टेबलावर आहे' आणि 'टेबलावर ठेवलं' दोन्हीकडे 'वर' म्हणतो. मराठीचा इथे काडीचा उपयोग नाही.

---

खडूफळा

सरळरेषा, तिसऱ्या मुद्द्यावर पूर्ण मान्य. तिथे मी मराठी बाजूला ठेवते आणि हातात डस्टर घेते. डस्टर टेबलावर नेताना एक रूप, ठेवून झाल्यावर दुसरं. पंधरा दिवस वर्गातली प्रत्येक वस्तू हलवत बोलायचं. याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

'ला' बद्दल मात्र माझ्याकडे एक युक्ती आहे. मराठीत माणूस कर्म असला तर 'ला' लागतो, वस्तू असली की बहुतेक वेळा गळतो. म्हणून शंका आली की माणसाच्या जागी वस्तू ठेवून बघायची. 'मी आईला बघते.' आईच्या जागी चित्र ठेवा: 'मी चित्र बघते.' 'ला' गळला, म्हणजे जर्मनमध्ये आक्कुझाटीव्ह, त्यांची द्वितीया. 'मी आईला मदत करते.' आता संस्था ठेवा: 'मी संस्थेला मदत करते.' 'ला' हटत नाही, म्हणजे डाटीव्ह, त्यांची चतुर्थी. 'मी बाईंना उत्तर देते', 'मी पत्राला उत्तर देते', पुन्हा 'ला' राहिला, पुन्हा डाटीव्ह, 'आंटवॉर्टेन' ला तोच लागतो.

शिवाय 'मला' ने सुरू होणारी आपली वाक्यं बघा. मला आवडतं, 'एस गेफेल्ट मिअर.' मला थंडी वाजते, 'मिअर इस्ट काल्ट.' मला सुचलं, 'मिअर इस्ट आइनगेफालेन.' इंग्रजीतून जाणारी मुलं 'इश बिन काल्ट' लिहितात, त्याचा अर्थ मी थंड स्वभावाची आहे असा होतो. मराठीतून जाणारं मूल 'मिअर' वरच पोचतं.

लिंगाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं, शब्दाशब्दाला जुळणार नाही. पण तीन लिंगं असू शकतात, दगडालाही लिंग असतं, आणि त्यामुळे विशेषणाचं शेपूट बदलतं, या गोष्टीचं आपल्या मुलाला आश्चर्य वाटत नाही. ही फार मोठी पुंजी आहे. आणि काही ठिकाणी तर प्रत्ययही जोडीने चालतात. एकता, मानवता, सुंदरता हे 'ता' वाले सगळे स्त्रीलिंगी. तिकडे 'हाइट' आणि 'काइट' ने संपणारे सगळे स्त्रीलिंगी: आइनहाइट, मेंशलिशकाइट, श्योनहाइट.

---

दहावी_ब

मी दहावीत आहे, बी१ दिली आहे, म्हणून लिहू का असं विचारणार होतो पण लिहूनच टाकतो.

खडूफळा मॅडमची वस्तू ठेवायची युक्ती 'विचारणे' आणि 'फोन करणे' ला चालत नाही. 'मी बाईंना विचारतो', 'मी संगणकाला विचारतो', 'ला' राहतोच, पण 'फ्रागेन' ला आक्कुझाटीव्ह लागतो. 'आनरूफेन' चंही तेच. 'भेटणे' चंही. हे तीन मी वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून ठेवले होते. परीक्षेत नेमके तेच येतात, कारण बी१ च्या पत्रात कोणाला तरी भेटायचं किंवा फोन करायचा असतोच.

मला सगळ्यात जास्त उपयोग विशेषणांचा झाला. माझी आजी मला 'सामान्यरूप' शिकवत होती शाळेच्या मराठीसाठी. चांगला मुलगा, चांगली बाई, चांगलं मूल. पण प्रत्यय लागला की चांगल्या मुलाला, चांगल्या बाईला, चांगल्या मुलाला. सगळीकडे 'चांगल्या'. तेव्हा मला एकदम लक्षात आलं की डाटीव्हमध्ये 'डेम गूटेन युंगेन', 'देअर गूटेन फ्राउ', 'डेम गूटेन किंट', सगळीकडे 'गूटेन'. म्हणजे 'एन' हे त्यांचं 'या' आहे. आणि आपलं 'लाल', 'सुंदर' जसं कधीच बदलत नाही तसं त्यांचं 'रोझा' (गुलाबी) आणि 'लीला' (जांभळा) बदलत नाही. तो तक्ता मी तीन वर्षं पाठ करत होतो, त्या दिवशी पाच मिनिटांत कळला.

एक शंका. 'मी गेलो, मी आलो, मी पडलो' यांना जर्मन भूतकाळात 'बिन' हे मदतीचं क्रियापद लागतं आणि 'मी आंबा खाल्ला, मी पुस्तक वाचलं' यांना 'हाबे'. म्हणजे मराठीत क्रियापद माझ्याप्रमाणे बदललं तर 'बिन' आणि कर्माप्रमाणे बदललं तर 'हाबे', असा नियम धरला तर चालेल का?

---

खडूफळा

दहावी_ब, शाबास. 'एन म्हणजे त्यांचं या' हे उद्याच वर्गात सांगते.

तुझा 'बिन' चा नियम एका बाजूने पक्का आहे: कर्माप्रमाणे बदललं तर 'हाबे' धरून चाल. दुसऱ्या बाजूने गळतो. 'मी झोपलो, मी हसलो, मी रडलो' इथे क्रियापद तुझ्याप्रमाणे बदललं, तरी जर्मनमध्ये 'हाबे' च. तिथे बघायचं की जागा किंवा अवस्था बदलली का. गेलो, पडलो, जागा झालो, वाढलो, मग 'बिन'. 'राहिलो' आणि 'होतो' ही दोन जागा न बदलता 'बिन' घेतात, ती तशीच पाठ कर.

---

मांडवीतीर

लिंगाचा विषय निघालाय तर आमच्या बाजूची एक गंमत सांगतो. 'दास मेडशेन', म्हणजे मुलगी नपुंसकलिंगी, हे ऐकून पणजीतल्या माझ्या वर्गात कोणीही भुवई उंचावली नव्हती. कोंकणीत आम्ही 'तें चेडूं' च म्हणतो. लहान मुलगी आमच्याकडे 'तें' असते. मराठीतही लेकरू, कोकरू, वासरू, पिल्लू, शिंगरू, सगळी लहानगी 'ते' च की. जर्मनमध्ये 'शेन' हा लहानपणाचा प्रत्यय, तो लागला की शब्द 'दास', म्हणजे नपुंसकलिंगी, होतो. लहान ते नपुंसक, हा हिशोब आपल्याला घरचा आहे.

---

नेकारकाठ

मांडवीतीर, मी श्टुटगार्टला राहतो. इथल्या श्वाबिश बोलीत 'शेन' ऐवजी 'ले' लावतात, मेडले, हॉइझले. तरी 'दास' च.

आमचा मुलगा नाशिकहून सहावीत असताना इथे आला. बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये भाषा न येणाऱ्या मुलांना आधी तयारीच्या वर्गात बसवतात, 'फोरबेराइटुंग्सक्लासे' म्हणतात. तिथे वर्षभरात तो मैदानावर मित्रांशी घडाघडा बोलायला लागला. आम्ही निर्धास्त झालो. मग नेहमीच्या वर्गात गेला आणि भूगोलाच्या पेपरात कोरा. तुमच्या लेकीच्या बरोबर उलट! त्याला बोलता येत होतं, पण 'बेश्राइबे', 'बेग्रुंडे', 'फेरग्लाइशे', म्हणजे वर्णन कर, कारण दे, तुलना कर, असं विचारलं की काय लिहायचं ते कळत नव्हतं. मैदानावरचं जर्मन आणि वहीतलं जर्मन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधली पातळी म्हणजे या दोघांच्या मधला पूल, असं आता मला वाटतं. तुमची लेक वहीच्या काठावर उभी आहे, आमचा मैदानाच्या काठावर होता.

इथल्या शाळेतली मला मनापासून आवडलेली गोष्ट सांगतो. वर्गात तोंडी भाग घेण्याला खरे गुण असतात आणि ते प्रगतिपुस्तकात मोजले जातात. हात वर करून चुकीचं बोललेलं मूल गप्प बसलेल्या मुलापेक्षा पुढे जातं. आपल्याकडे भाषेच्या वर्गात गप्प बसणारं मूल शहाणं ठरतं, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरं, आकडे. बेकरीत बाई 'ड्राय उंट फिअर्त्सिश' म्हणाली की इथले भारतीय चौतीस आणि त्रेचाळीसमध्ये गोंधळतात. माझी आई इथे आली होती, तिने सरळ विचारलं, 'त्रे आणि चाळीस, आपल्यासारखंच ना?' आपल्यासारखंच! एकक आधी, दशक मागून. एकवीस, बावीस, त्रेचाळीस. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी जोडवाचनाची पद्धत आली तेव्हा केवढी चर्चा झाली होती आठवतंय? जर्मनीतही 'त्स्वान्त्सिश आइन्स' असं म्हणा सांगणारी एक संघटना आहे, अगदी त्याच कारणासाठी, मुलं अंक उलटे लिहितात म्हणून.

---

कर्वेनगरची_आई

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. नेकारकाठ, तुमच्या मुलाचं वाचून फार बरं वाटलं, म्हणजे वाईट वाटलं, पण आपण एकटे नाही असं वाटलं.

एक अडचण आहे. लेकीला त्रेचाळीस म्हणजे किती ते पटकन सांगता येत नाही. ती फॉर्टीथ्री म्हणते. सामान्यरूप हा शब्द तिने ऐकलेला नाही. मराठी बोलते छान, पण तिला मराठीचं व्याकरण माहीत नाही. मग हे सगळं तिला कसं लागू पडणार?

---

खडूफळा

ताई, व्याकरणाची नावं येण्याची गरज नाही. ती 'चांगला मुलाला' असं कधी म्हणते का? नाही ना? मग सामान्यरूप तिला येतं, नाव तेवढं माहीत नाही. आकड्यांचं मात्र तुम्हाला घरी करावं लागेल. भाजीचा हिशोब मराठीत करा.

आणि तुम्हाला जर्मन येत नाही हे उलट चांगलं आहे. रोज रात्री जेवताना तुम्ही तिला मराठीत एक 'का' विचारायचा. आज उशीर का झाला, ही भाजी का नको, बाबा का चिडले. तिने मराठीत 'कारण...' म्हणून उत्तर द्यायचं आणि मग तेच 'वाइल' लावून जर्मनमध्ये. क्रियापद शेवटी आलं की नाही एवढंच तुम्ही ऐकायचं, त्याला जर्मन यावं लागत नाही. आठवडाभराने 'का' च्या जागी 'जेव्हा' घ्या, मग 'असतं तर'. चूक झाली तरी वाक्य पूर्ण होऊ द्या. मध्ये थांबवू नका, मी हात जोडून सांगते.

उच्चारांचं एक: 'त्साइट', 'त्सेन', 'त्सिमर' म्हणताना मुलं चाचरतात. तो आपल्या 'चोर' मधला 'च' आहे, 'चहा' मधला नव्हे. आणि 'झॉने' मधला तो पहिला आवाज 'वजन' मधला 'ज'. मराठी तोंडाला हे दोन्ही जन्मजात येतात.

---

सरळरेषा

'वाइल' ला जोडून माझ्याकडून एक. क्रियापदाबरोबर कोणतं अव्यय येतं याची यादी मुलं रडत पाठ करतात. पण 'मी तुझ्यावर रागावलोय' म्हणजे 'इश बिन ब्योझे आउफ डिश'. आउफ म्हणजे वर. आपणही माणसावर रागावतो, तेही माणसावरच रागावतात. 'वाट बघणे' ला मात्र जर्मन 'आउफ' लावतात आणि आपण 'ची'. जे जुळतं त्याची एक वही आणि जे जुळत नाही त्याची दुसरी, असं करायला सांगा. दुसरी वही परीक्षेआधी वाचायची. खडूफळा मॅडम, मी तुमच्या बाजूला आलोय, पण ती दुसरी वही घेऊनच.

---

पानशेत

बी१ ची परीक्षा नेमकी कशी असते कोणी सांगेल का? शाळेतून एक कागद आला, त्यातून काही कळलं नाही.

---

दहावी_ब

चार भाग असतात: वाचन ६५ मिनिटं, ऐकणं साधारण ४०, लेखन ६०, आणि बोलणं साधारण १५. प्रत्येक भाग १०० गुणांचा आणि प्रत्येकात ६० हवेत. एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो, त्यामुळे घाबरू नका. किशोरांसाठी वेगळा पेपर असतो. पुण्यात बोट क्लब रोडला मॅक्समुल्लर भवन आहे, गोएथे इन्स्टिट्यूटचं.

लेखनात तीन गोष्टी: मित्राला ८० शब्दांची मेल, एखाद्या विषयावर ८० शब्दांत स्वतःचं मत, आणि बाईंना किंवा कार्यालयाला ४० शब्दांची अदबीची मेल. मी पहिल्या मेलमध्ये 'डू' ने सुरुवात करून मध्येच 'झी' वर गेलो होतो सराव परीक्षेत. म्हणजे तू म्हणता म्हणता आपण म्हणायला लागलो. तसं करू नका.

ऐकण्याचे चार भाग आहेत, त्यातले मधले दोन एकदाच ऐकवतात. ही परीक्षा जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या संस्थांनी मिळून बनवलेली आहे, त्यामुळे तिन्हीकडचे आवाज येऊ शकतात. फक्त वर्गातल्या बाईंचा आवाज ऐकून गेलात तर अवघड जातं. मी रोज बसमध्ये डॉइच वेलेच्या संथ वाचलेल्या बातम्या ऐकायचो. पहिला महिना फक्त देशांची नावं कळली. तिसऱ्या महिन्यात वाक्यं कळायला लागली.

बोलणं जोडीने असतं. दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं, मग प्रत्येकाने एका विषयावर छोटं भाषण करायचं, त्यात 'माझ्या देशात हे कसं आहे' असा एक मुद्दा असतोच. माझा जोडीदार अनोळखी होता आणि खूप घाबरलेला होता. मी त्याला प्रश्न विचारत राहिलो, तो उत्तर देत राहिला, दोघंही पास झालो.

---

नेकारकाठ

'माझ्या देशात हे कसं आहे' हा मुद्दा मुलांनी आधीच तयार ठेवावा, आणि पुस्तकातला ठेवू नये. ख्रिसमसबद्दल पाठ केलेले पाच परिच्छेद परीक्षक रोज ऐकतात. विसर्जन, वारी, गावची जत्रा, आजीचं घर यावर बोला. आपलं सांगायचं असलं की मुलं शब्द शोधायला लागतात, मी मुलाच्या बाबतीत बघितलंय.

---

कर्वेनगरची_आई

पाच आठवड्यांनी परत आलेय. राहवलं नाही.

शिकवणी लावली नाही. रोज जेवताना एक 'का'. पहिला आठवडा लेक वैतागली, 'आई, तुला येत नाही तर विचारतेस कशाला?' मी म्हटलं मला शेवटचा शब्द ऐकू येतो. दुसऱ्या आठवड्यात तिच्या धाकट्या भावालाही कळायला लागलं आणि तो 'शेवटी! शेवटी!' म्हणून ओरडायला लागला. आता तर स्वयंपाकघरात 'वाइल' चा नुसता पाऊस पडतोय. भाजीवाल्याकडे सगळा हिशोब तीच करते, मराठीत. परवा सत्तावन्न म्हणताना मध्येच थांबली आणि म्हणाली, 'आई, हे खरंच सात-पन्नास आहे गं.' दोन वह्याही केल्यात, सरळरेषा. दुसरी वही जाड होत चाललीये.

आणि मुख्य गोष्ट. गेल्या रविवारी तिने त्या पाहुण्यांना स्वतःहून मेल लिहिली. मला वाचून दाखवली, अर्थ सांगितला. 'तुम्ही गणपतीत मला जे विचारलं होतं त्याचं उत्तर तेव्हा देता आलं नाही, आता देते' अशी सुरुवात. आणि मग हे वाक्य, मी तिच्याकडून देवनागरीत लिहून घेतलं:

'वाइल एअर नाख हाउझे गेट उंट नेक्स्टेस यार वीडरकॉम्ट.'

कारण तो घरी जातो आणि पुढच्या वर्षी परत येतो. शब्दाला शब्द, खडूफळा मॅडम, आणि दुसरं क्रियापदही शेवटी! दुसऱ्याच दिवशी त्यांचं उत्तर आलं. आता सगळं कळलं म्हणाले, आणि त्यांच्या मुलीला वाचून दाखवलं म्हणे.

तिला मेलच्या शेवटी 'पुढच्या वर्षी लवकर या' हेही लिहायचं होतं, पण अडली. देवाला 'झी' म्हणायचं की 'डू'? आपण आरतीत 'तू' म्हणतो आणि निरोप देताना 'या' म्हणतो. ती म्हणाली, मॅडमना विचार.

---

खडूफळा

जर्मनमध्ये देवाला 'डू' च म्हणतात, प्रार्थनेतही. तेव्हा: 'कॉम नेक्स्टेस यार बाल्ट वीडर.' मी आत्ताच हे वाक्य वहीत लिहून ठेवलंय, उद्या नववीच्या वर्गाची सुरुवात यानेच करते. लेकीला सांगा, वाक्य तिच्यामुळे मिळालं असं मी मुलांना सांगणार आहे.